पाच तारे की शून्य?
डिसेंबर २०२२ मध्ये महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एनला ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. बालकांसाठी मात्र तीनच! पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील कसोटीत तिच्या वाट्याला शून्य आले. आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेलाही तेथे गुण असतात, आणि ती त्या गाडीत नव्हती. तात्पर्य, तारे मोजताना मोजपट्टीही पाहावी. शिवाय कसोटी धडकेपुरते सांगते. रोजच्या वापरातले दोष मालकालाच कळतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ११०-अ नुसार, मालकांच्या तक्रारींवरून सदोष वाहने परत मागविण्याचा आदेश केंद्र सरकार देऊ शकते. तक्रारच नोंदविली नाही, तर हा अधिकार कागदावरच राहील. जागरूक ग्राहक हाही राष्ट्राचा प्रहरीच होय.