सर्दी ऋतूची की घरातल्या हवेची?



सप्टेंबर संपत आला की माझ्या हजेरीपटावर एक गोष्ट दरवर्षी दिसते. भर पावसात नियमित येणारी काही मुलं दसऱ्याच्या आसपास गैरहजर राहू लागतात. आली तरी शिंकत, नाक चोळत बसतात. "वातावरण बदललंय, सर्दी आहे," असं म्हणून आपण विषय संपवतो. मीही तेच करत होते.

गेल्या वर्षी चौथीतला एक मुलगा आठवड्यातून दोन-दोन दिवस येईना. आला की बाकावर डोकं ठेवून पेंगायचा. मी त्याला सगळ्या वर्गासमोर आळशी म्हणाले. नंतर संध्याकाळी गृहभेटीला गेले. एकच खोली, डास येतात म्हणून खिडकी घट्ट बंद. कोपऱ्यात कॉइल जळत होती, देवापुढे अगरबत्ती होती, पावसाने ओल आलेल्या भिंतीवर काळी बुरशी चढली होती. त्याची आई म्हणाली, "मॅडम, रातभर खोकतो. पहाटे कुठं डोळा लागतो त्याचा." पाच मिनिटांत माझेच डोळे चुरचुरायला लागले. ते लेकरू रोज रात्रभर त्याच हवेत झोपत होतं. मग शाळेत पेंगणार नाही तर काय करणार?

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. ऋतू आपल्या हातात नाही, पण घरातली हवा बरीचशी आपल्या हातात आहे.

या दिवसांतच त्रास का वाढतो?

पाऊस ओसरताना रस्त्याकडेला गाजरगवत फुलतं. त्याचे परागकण अनेकांना शिंका आणतात, अंगाला खाज आणतात. शेतात सोयाबीनची मळणी सुरू होते, तिची धूळ उडते. घरात पावसाळाभर मुरलेली ओल असते, त्यामुळे बुरशी वाढते. गाद्या-गोधड्यांत डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे दमट हवेत वाढतात. त्यात दसऱ्याची साफसफाई निघते आणि वर्षभराची धूळ एका दिवसात हवेत येते. एवढं सगळं असताना आपण वरून धूर घालतो.

धुराचा हिशोब

२००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं की एक मच्छर कॉइल जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींतून निघतील इतके सूक्ष्म कण हवेत सोडते. मुलांसमोर सिगारेट ओढणाऱ्याला आपण टोकतो, पण त्यांच्या उशाशी कॉइल आपणच लावतो!

काही पालक विचारतात, "मग डास चावू द्यायचे का? डेंग्यू झाला तर?" प्रश्न अगदी बरोबर आहे. याच दिवसांत डेंग्यूही असतो. म्हणून उपाय डासांवरच हवा, फक्त धुराशिवाय. मच्छरदाणी लावावी, खिडकीला जाळी बसवावी आणि आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी, टाक्या रिकाम्या करून कोरडा दिवस पाळावा. डेंग्यूचा डास दिवसाही चावतो, म्हणून दुपारी झोपणाऱ्या बाळालाही मच्छरदाणी हवी.

अगरबत्ती, धूप हा श्रद्धेचा भाग आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या घरात मुलाला दमा आहे, तिथे तेलाचा एक लहान दिवा पुरे. गॅस आला तरी अंघोळीच्या पाण्याची चूल अनेक घरी आहे. ती पेटवायला प्लास्टिक मुळीच वापरू नका आणि ती बाहेर, झोपायच्या जागेपासून लांब असू द्या.

बिनखर्चाची किंवा थोड्या खर्चाची कामं

१. कोरडा झाडू मारण्याआधी थोडं पाणी शिंपडा किंवा ओल्या फडक्याने पुसा. झाडताना शिंकणाऱ्या मुलाला बाहेर पाठवा.

२. घटस्थापनेआधी गोधड्या धुवायची आपली जुनी रीत फार शहाणपणाची आहे. पण ती वर्षातून एकदाच नको. चादरी, उशीचे अभ्रे दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा, गाद्या उन्हात टाका.

३. स्वयंपाक करताना खिडकी-दार उघडं ठेवा. मात्र शेजारी मळणी चालू असेल किंवा कुणी कचरा जाळत असेल तर त्या बाजूची खिडकी तेवढ्यापुरती बंद करा.

४. ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळवू नका. कपाट ओल्या भिंतीला चिकटवू नका. गळती बुजवल्याशिवाय नुसता रंग देऊन बुरशी जात नाही.

५. घराजवळचं गाजरगवत फुलायच्या आधीच, हातमोजे घालून, मुळासकट उपटा.

मनी प्लांट ठेवला की हवा शुद्ध होते, असंही सांगितलं जातं. झाड जरूर लावा, पण बाटलीतल्या चार पानांनी कॉइलचा धूर जात नाही. हवा शुद्ध करण्याचं यंत्रही तसंच. ज्यांना परवडतं त्यांनी घ्यावं, पण आधी धूर बंद करावा. नाहीतर एका हाताने घाण करायची आणि दुसऱ्या हाताने पुसायची!

आपल्या वर्गाचं काय?

पालकांना सांगताना मला माझाच वर्ग आठवला. परिपाठाआधी मुलं कोरड्या झाडूने धुरळा उडवत वर्ग झाडायची. डस्टर खिडकीवर आपटायची. आता आम्ही पाणी शिंपडतो, फळा ओल्या फडक्याने पुसतो. परिसर अभ्यासात 'हवा' शिकवताना मुलं आपापल्या घरातल्या धुराच्या आणि धुळीच्या जागांची यादी करून आणतात. आणखी एक सांगते. ही सगळी कामं आईवर ढकलू नका. गळती बुजवणं, जाळी ठोकणं, गोधड्या पिळणं ही घरातल्या सगळ्यांची कामं आहेत.

शेवटी महत्त्वाचं. मुलाच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, रात्री खोकल्याने झोप मोडत असेल तर घरगुती उपायांवर थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. पंपाची सवय लागते, ही भीती चुकीची आहे.

त्या मुलाच्या घरी आता मच्छरदाणी आहे, त्याच्यावर औषधोपचारही सुरू आहेत. खोकला पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही, पण तो वर्गात जागा असतो. वर्गासमोर मी त्याची माफीही मागितली. पुढच्या वेळी एखादं मूल बाकावर डोकं टेकवेल, तेव्हा आधी विचारा, "बाळा, रात्री झोप लागली का?"