हत्ति, हत्ती आणि पाठीतला कापूस

आपल्या सीमाभागात एका शब्दाची गंमत घरोघरी चालते. कन्नडमध्ये 'हत्ति' म्हणजे कापूस आणि मराठीत हत्ती म्हणजे गजराज. पण ऑपरेशननंतर गॉजचा एखादा तुकडा शरीरातच राहिला, तर तो कापूस खरोखरच हत्तीएवढा भारी पडतो.

वैद्यकात याला 'गॉसिपिबोमा' म्हणतात. 'गॉसिपियम' हे कापसाचे शास्त्रीय नाव. मणक्याच्या ऑपरेशनमध्ये जखम खोल असते, रक्त टिपायला गॉज लागतो आणि भिजलेला गॉज आजूबाजूच्या मांसासारखाच दिसतो. तो राहिला तर कधी लगेच पू आणि ताप येतो. कधी शरीर त्याभोवती वेष्टन करते आणि तो वर्षानुवर्षे गप्प बसतो. मग पाठ दुखू लागते, एमआरआयमध्ये गाठ वाटते आणि घरच्यांच्या तोंडचे पाणी पळते.

मग मोजत नाहीत का? मोजतात. पण 2003 मध्ये अमेरिकेत अशा 54 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मोजणी झालेल्या बहुतेक प्रकरणांत 'हिशेब बरोबर' अशीच नोंद होती! तातडीच्या ऑपरेशनमध्ये धोका सुमारे 9 पट आढळला. म्हणूनच गॉजमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा घालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2008 च्या तपासणी यादीत, रुग्ण बाहेर नेण्याआधी नर्सने मोजणी पूर्ण झाल्याचे मोठ्याने सांगायचे असते.

आपल्याकडे 1963 मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनमध्ये एका बाळंतिणीच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. सर्वोच्च न्यायालयाने सरकारला भरपाईसाठी जबाबदार धरले, ते 1996 मध्ये. मधली 33 वर्षे त्या घराने कशी काढली असतील?

शेजारच्या अक्कांचे मणक्याचे ऑपरेशन ठरले तेव्हा त्यांच्या मुलाने मला विचारले, "सर, मोजणीचे विचारले तर डॉक्टरांना राग नाही का येणार?" मी म्हटले, "नम्रपणे विचार. चांगल्या डॉक्टरला त्याचे वाईट वाटत नाही."

वाचकहो, ऑपरेशनचे कागद आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. जुने दुखणे पुन्हा उठले, तर 'वय झाले' म्हणून अंगावर काढू नका. नव्या डॉक्टरांना जुन्या ऑपरेशनची माहिती आधी द्या, मग ते दहा वर्षांपूर्वीचे का असेना.