अंदाज त्यांचा, तूट आपली



साखर कारखान्याचा बॉयलर पेटण्याआधी एक आकडा बाहेर पडतो. यंदा ऊस किती, गाळप किती दिवस, साखर किती. पूर्वी तो शेतकी विभागाच्या वहीत असे, आता संगणकावरच्या तक्त्यात असतो. त्या आकड्यावर बँकेचे कर्ज ठरते, तोडणीचा कार्यक्रम ठरतो, मुकादमाशी करार होतो आणि पाटोद्याच्या माणसाची उचलही ठरते. आपल्या तालुक्यात ऊस थोडा आणि कोयते फार. तरी हा आकडा आमच्यातल्या कोणी पाहिलेला नसतो.

आकडा चुकला की काय होते, ते आठवा. २०२१-२२ च्या हंगामात महाराष्ट्रात १३७ लाख टन साखर झाली, तो विक्रम ठरला. पण मराठवाड्यात मे महिन्यातही ऊस शेतात उभा होता आणि धुराडी जूनच्या मध्यापर्यंत चालली. ऊस जाईना म्हणून गेवराई तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने फड पेटवून दिला आणि स्वतःचा जीव घेतला. पुढच्या हंगामासाठी १३८ लाख टनांचा अंदाज निघाला, प्रत्यक्षात झाली सुमारे १०५ लाख टन. मग २०२३-२४ ला हात आखडता घेतला, अंदाज नव्वद लाखांच्या आत ठेवला, आणि साखर निघाली सुमारे ११० लाख टन. देशभर साखर कमी पडणार या धास्तीने केंद्र सरकारने ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली, ती आठवड्याभरात थोडी सैल केली. वाढलेल्या साखरेतली काही त्या बंदीमुळेच पोत्यात आली, काही नोव्हेंबरच्या अवकाळी पावसाने दिली, हे खरे. पण एक वर्ष तीस लाख जास्त आणि पुढचे वर्ष वीस लाख कमी, याला अंदाज म्हणायचे की मटका?

हे गणित अवघड मुळीच नाही. चौथी पास माणसाला कळेल असे आहे. क्षेत्र गुणिले हेक्टरी टन, गुणिले साखर उतारा. समजा कारखान्याकडे १०,००० हेक्टर ऊस आहे, हेक्टरी ८० टन, उतारा १० टक्के. ऊस ८ लाख टन, साखर ८०,००० टन. रोजचे गाळप ५,००० टन धरले तर हंगाम १६० दिवसांचा. आता क्षेत्र दहा टक्क्यांनी कमी भरले, हेक्टरी टनही दहा टक्क्यांनी घटले आणि उतारा साडेनऊवर आला. साखर येते ६१,५६० टन आणि हंगाम १३० दिवसांत आटोपतो. तीन ठिकाणी थोडे थोडे चुकले आणि जवळजवळ पाव साखर उडाली. चुकांचीही बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

या चुका कुठे शिरतात, तेही शेतीशास्त्र शिकलेल्या माणसाला ठाऊक आहे. एकच प्लॉट दोन कारखान्यांकडे नोंदला जातो आणि क्षेत्र फुगते. आडसाली, सुरू आणि खोडवा यांना एकच सरासरी लावली जाते. २०२२ च्या अतिपावसाने उसाची वाढ खुंटली, खोडव्याचे प्रमाणही जास्त होते, पण कागदावरचे हेक्टरी टन जुनेच राहिले. तोड लांबली की उन्हात ऊस वाळतो, वजन आणि उतारा दोन्ही घटतात.

आता या तीस दिवसांची किंमत बघा. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. नवरा-बायकोचा एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो असे धरा. तीस दिवस बुडाले म्हणजे जवळपास २२,००० रुपये बुडाले. उचल मात्र १६० दिवसांच्या हिशेबाने घेतलेली असते. ती फिटत नाही, बाकी राहते, आणि बाकीपायी पुढच्या वर्षी त्याच मुकादमाच्या गाडीत बसावे लागते. हंगाम लांबला तरी सुख नाही. मे महिन्याच्या उन्हात फडात राबायचे आणि इकडे गावात पेरणीपूर्व मशागत पडून. कारखान्याचा आकडा चुकला तर ताळेबंदात एक ओळ बदलते. आपल्याकडे पोराची शाळा सुटते.

साहेब लोक म्हणतील, अंदाज तो अंदाजच, पाऊस कुणाच्या हातात आहे? बरोबर आहे. नेमका आकडा आम्ही मागतच नाही. पण पाऊस आपल्या हातात नाही असे म्हणणाऱ्याने एकच आकडा छातीठोकपणे सांगू नये. कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, असे दोन्ही सांगावेत. संगणकाच्या तक्त्यात एक घर बदलले की सगळे आकडे आपोआप बदलतात. मग ऑगस्टमधला अंदाज जानेवारीतही तसाच का राहतो?

म्हणून जिल्हा बैठकीत आपण चार गोष्टी मागू. पहिली, अंदाजाचा तक्ता वार्षिक सभेत सभासदांसमोर आणि मुकादमाच्या करारावेळी मजुरांसमोर मांडावा. दुसरी, त्यात मागच्या पाच वर्षांचा अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा शेजारी-शेजारी लिहावा. तिसरी, लागण आणि खोडवा वेगळे धरून, नमुना प्लॉट तोडून दर महिन्याला तो दुरुस्त करावा. चौथी, हंगाम सांगितलेल्या कमीत कमी दिवसांच्याही आत बंद झाला, तर त्या दिवसांपुरती उचलीची बाकी कारखान्याने सोसावी.

चौथी मागणी ऐकून कपाळाला आठ्या पडतील. पडू द्या. चुकीचा भुर्दंड ज्या दिवशी चुकणाऱ्याच्या खिशातून जाईल, त्या दिवसापासून अंदाज बरोबर येऊ लागतील.