प्रवाळांची राखण कोणी करावयाची?

परदेशांतून जिवंत सागरी शैवाल आणण्यासाठी केंद्र सरकारने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली. त्यापूर्वी, २०२० मध्ये जाहीर झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शैवालाच्या शेतीसाठी ६४० कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली होती. किनाऱ्यावरील गरीब कुटुंबांच्या हाताला काम मिळावे हा हेतू स्तुत्य आहे. त्याविषयी आमचे दुमत नाही. परंतु ज्या समुद्रात हे पीक घ्यावयाचे, त्याच समुद्रात आपण राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्येही घोषित केली आहेत. पिकाने आपली मर्यादा ओलांडली तर त्याला आवरण्याची जबाबदारी कोणाची, हे मात्र आपण आजवर नीटसे ठरविलेले नाही. ते न ठरविल्यास काय होते, याचा धडा मन्नारच्या आखाताने आपल्याला कधीच घालून दिला आहे.

तामिळनाडूच्या किनाऱ्यालगतची २१ बेटे आणि त्यांच्या भोवतीचे प्रवाळ यांच्या रक्षणासाठी १९८६ मध्ये तेथे सागरी राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. कप्पाफायकस अल्वारेझी हे मूळचे फिलिपाइन्सकडील शैवाल त्याआधी दोनच वर्षे प्रयोगासाठी भारतात आले होते. त्यापासून मिळणारा कॅराजीनन हा पदार्थ आइस्क्रीमपासून टूथपेस्टपर्यंत अनेक वस्तूंना दाटपणा आणतो, म्हणून त्याला मोल आहे. २००० नंतर मंडपमच्या परिसरात बांबूच्या तराफ्यांवर त्याची व्यापारी लागवड सुरू झाली. या पिकाला जमीन नको, गोडे पाणी नको, आणि सुमारे ४५ दिवसांत ते हाती येते. परंतु त्याला बीजाचीही गरज नसते! लाटेने मोडलेला एखादा तुकडा कोठेतरी अडकला की त्याचेच नवे झाड होते. २००५ मध्ये तामिळनाडू शासनाने आदेश काढून ही लागवड पाल्कच्या उपसागराच्या उत्तरेस आणि तुतिकोरिनच्या दक्षिणेस सीमित केली. तरीही २००८ मध्ये हे शैवाल उद्यानातील क्रुसडई बेटाजवळ जिवंत प्रवाळांवर पसरल्याचे संशोधकांनी ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात नोंदविले. शासनाचा आदेश माणसांना कळतो. समुद्राच्या प्रवाहांना तो वाचता येत नाही.

प्रवाळ हा जीव आपल्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांच्या आधाराने जगतो आणि त्या शैवालांना सूर्यप्रकाश लागतो. कप्पाफायकसची जाड चादर वर पसरली की प्रकाश अडतो आणि खालचा प्रवाळ गुदमरून मरतो. वनखात्याने ही चादर हाताने काढण्याचे काम केले. परंतु शेतातील हरळी वरवर खुरपली तर ती पुन्हा कशी उगवते हे जाणणाऱ्या शेतकऱ्याला या कामातील अडचण सांगावयास नको. खाली राहिलेला अंश पुन्हा वाढतो आणि उपटताना निसटलेला तुकडा दुसरीकडे जाऊन रुजतो.

इतर देशांचा अनुभव याहून निराळा नाही. हवाई बेटांतील कानेओहे उपसागरात हेच शैवाल १९७० च्या दशकात लावण्यात आले. ते फारसे पसरणार नाही, असा आरंभीच्या अभ्यासाचा निष्कर्ष होता; १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ते वर्षाला सुमारे २५० मीटर या गतीने पुढे सरकल्याचे आढळले. पुढे तेथे ते पंपांनी शोषून काढावे लागले आणि उरलेले खाण्यासाठी पैदास केलेले समुद्री साळू सोडावे लागले. कॉलर्पा या दुसऱ्या शैवालाची कथा तर अधिकच बोलकी आहे. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखाली त्याचा सुमारे एक चौरस मीटरचा ठिपका दिसला. ते आले कोठून आणि धोका किती, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. तोवर त्याने भूमध्य समुद्रात हजारो हेक्टर व्यापले. उलट कॅलिफोर्नियातील एका खाजणात २००० मध्ये ते दिसताच अवघ्या १७ दिवसांत कामाला आरंभ झाला. ताडपत्रीने झाकून, आत क्लोरीन सोडून, २००६ पर्यंत त्याचा समूळ नायनाट झाला. खर्च ७० लाख डॉलरांच्या घरात गेला. पण तो फळाला आला. दोन्ही ठिकाणी शैवाल एकच होते. अंतर होते ते तत्परतेचे.

यावर कोणी म्हणेल की, पोटाची खळगी भरण्यापुढे प्रवाळांचे कौतुक कशाला? हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. रामनाथपुरम जिल्ह्यातील कोळी स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या बेटांभोवती बुडी मारून देशी शैवाल वेचीत आल्या. उद्यानाच्या नियमांनी ती वाट रोखली, तेव्हा तराफ्यावरील शेतीने त्यांना आधार दिला. २०१३ च्या सुमारास तेही पीक मोठ्या प्रमाणावर मेले आणि पुन्हा त्यांच्याच चुली थंडावल्या. म्हणूनच नव्या बियाण्याची निकड भासते, हेही खरे. परंतु प्रवाळ मेले की मासळी हटते, आणि मासळी हटली की त्याच घरांतले दुसरे मिळवते हात रिकामे होतात. तेव्हा पोट विरुद्ध प्रवाळ ही मांडणीच मुळात खोटी आहे.

नव्या तत्त्वांत संगरोध आहे, जोखमीचे मूल्यमापन आहे, नंतरच्या देखरेखीचाही उल्लेख आहे. मात्र देखरेखीला माणूस आणि पैसा लागतो. जो परके शैवाल आणील किंवा त्यावर नफा मिळवील, त्याच्याकडून देखरेखीचा आणि निर्मूलनाचा खर्च परवान्यापूर्वीच अनामत म्हणून घ्यावा. तो बोजा तराफा बांधणाऱ्या स्त्रीवर पडता कामा नये. उलट तळ ओळखणाऱ्या या स्त्रियांनाच वर्षभर पगारी राखणदार नेमावे. संरक्षित क्षेत्रात पहिला तुकडा दिसताच तो काढण्याचा अधिकार आणि साधने स्थानिक अधिकाऱ्याजवळ असावीत. आणि जेथे देशी जाती पिकविता येतात, तेथे त्यांनाच अग्रक्रम मिळावा.

हा प्रश्न दूरच्या तामिळ किनाऱ्याचा आहे असे महाराष्ट्राने समजू नये. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे आणि तेथेही प्रवाळ आहेत. उद्या हे पीक कोकणात आणण्याचा प्रस्ताव आला, तर राखण कोण करणार, हा प्रश्न आपण पहिल्याच दिवशी विचारला पाहिजे. बैल गेल्यावर झोपा करण्याची आपली जुनी सवय जमिनीवर कशीबशी खपून जाते. समुद्रात तिला क्षमा नाही.