नावं सरकत असताना

हल्ली दिल्लीवरचा सिनेमा सुरू झाला की ड्रोन उडतो. इंडिया गेट, कुतुबमिनार, जामा मशीद. गाव कळतं, सिनेमाचा स्वभाव मात्र कळत नाही.

सई परांजपे यांनी 1981च्या 'चश्मे बद्दूर'ची सुरुवात एका सिगारेटवर केली. ती एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे फिरते. तिघांत एकच, म्हणजे खिसे रिकामे. मागावी लागत नाही, म्हणजे दोस्ती जुनी. भाड्याची खोली, निवांत दुपारी आणि पुढे होणारी थट्टामस्करी, सगळं त्या फिरत्या झुरक्यात आलं. आज तोच प्रसंग दाखवला, तर कोपऱ्यातला वैधानिक इशारा निम्मी गंमत खाऊन टाकेल!

'खोसला का घोसला' (2006) नायकाला पडलेल्या स्वतःच्याच मरणाच्या स्वप्नाने उघडतो, आणि प्रेक्षक हसतो. प्लॉट हडपला जाण्याची गोष्ट रडगाणं होणार नाही, याची हमी तिथेच मिळते.

नवदीप सिंग यांचा 'एनएच 10' (2015) मला यांत सर्वांत धूर्त वाटतो. रात्रीचं गुडगाव, चालत्या गाडीतून दिसणारे दिवे आणि उंच इमारती. नवरा-बायकोच्या लाडिक गप्पा नुसत्या ऐकू येतात, चेहरे दिसत नाहीत. धोक्याचं संगीत नाही, किंकाळी नाही. तरीही आपण सीटवर सावरून बसतो, कारण इतक्या रुंद रस्त्यावर माणूस म्हणून कुणी दिसतच नाही.

या अंकात अशाच पहिल्या पाच मिनिटांवर लिहिलं आहे. पॉपकॉर्न घेऊन उशिरा आत शिरणाऱ्यांनी तर तो जरूर वाचावा.