फाउलरवर किती विश्वास ठेवायचा?

ग्रॅहम ग्रीनच्या 'द क्वाएट अमेरिकन' (१९५५) या कादंबरीतला खून कसा घडला, हे शेवटपर्यंत दडवून ठेवतो तो खुद्द निवेदक. टॉमस फाउलर, सायगॉनमधला प्रौढ ब्रिटिश वार्ताहर. पहिल्याच पानावर तो पाइल या तरुण अमेरिकनाची वाट पाहत बसलेला दिसतो. त्याच संध्याकाळी पाइल आपल्या खोलीवर येऊन गेला आणि आपण खिडकीशी पुस्तक उघडून त्याच्या मारेकऱ्यांना इशारा दिला, हे मात्र तो कादंबरी संपत आल्यावर सांगतो. पाइलच्या कुत्र्याच्या पंजात फाउलरच्या इमारतीतलं ओलं सिमेंट अडकलं नसतं, तर फ्रेंच पोलीस अधिकारी विगोलाही काही उमगलं नसतं.

पाइलचा गुन्हा खराच. आर्थिक मदत कार्यालयाच्या आडून त्याने जनरल थे या बंडखोर सेनानीला स्फोटकांसाठी प्लास्टिक पुरवलं. भर चौकात बायकामुलं मेली, आणि त्याला काळजी बुटांवरच्या रक्ताची, कारण मंत्र्यांना भेटायचं होतं! फाउलरचा संताप मला पटतो. पण याच पाइलने त्याची व्हिएतनामी प्रेयसी फुओंग लग्नाचं वचन देऊन नेली होती. आणि टेहळणी बुरुजावरच्या हल्ल्यात त्याचा जीवही वाचवला होता. मग विश्वासघात माणुसकीपोटी की मत्सरापोटी? फाउलरलाच ते नीट ठाऊक नाही. गुप्तचर खात्यात काम केलेल्या ग्रीनने ही गाठ सोडवली नाही, हेच कादंबरीचं मोठेपण. १९५८च्या हॉलिवूड चित्रपटाने ती सोडवली. पाइल निर्दोष आणि फाउलर कम्युनिस्टांच्या हातचं बाहुलं. ग्रीन संतापला, ते योग्यच.

मला जास्त सलतं ते फुओंगचं. पत्नीने पत्रातून घटस्फोटाला नकार दिलेला असताना फाउलर तिला खोटी आशा लावतो. ते पत्र इंग्रजी जाणणारी तिची बहीण वाचते, तेव्हा बिंग फुटतं. फुओंग त्याला अफूची नळी भरून देते, रेशमी रुमाल जपते, राजघराण्याची चित्रं चाळते. पाइल गेल्याचं कळल्यावर ती रडत नाही. आणि तिच्या मनात काय चाललं असेल, तेही आपल्याला कळतं फाउलरच्याच तोंडून. स्वतःच्या प्रेमाविषयी इतकं खोटं बोलणाऱ्या माणसाची तिच्याबद्दलची साक्ष मी ग्राह्य धरत नाही. त्या चित्रपटात तर तिची भूमिकाही जॉर्जिया मोल या इटालियन नटीला दिली होती.

कादंबरी पुन्हा हाती घ्याल तेव्हा फाउलरचं भाष्य बाजूला ठेवा आणि फुओंग स्वतः जेवढं बोलते, तेवढंच सलग वाचून पाहा.