डब्बा भंगारात काढण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०च्या नेहमीच्या सुरक्षा अपडेट थांबवल्या. नोंदणी केलेल्या घरगुती वापरकर्त्यांना वाढीव मुदत मिळाली, तीही ऑक्टोबर २०२६पर्यंतच. विंडोज ११ला साधारण २०१८आधीचे प्रोसेसर चालत नाहीत. त्यामुळे अमरावतीच्या राजकमल चौकापासून अकोल्याच्या टिळक रोडपर्यंत दुरुस्तीवाल्यांचं उत्तर ठरलेलं : "भाऊ, आता नवाच घ्या लागते."

घ्यायलाच पाहिजे असं नाही. त्याच जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट चालतं, फुकट. लिनस टॉरवाल्ड्सने १९९१मध्ये हेलसिंकीत शिकत असताना लिहायला घेतलेल्या गाभ्यावर ते उभं आहे. (अँड्रॉइड मोबाइलच्या पोटातही तोच गाभा आहे आणि तो वापरताना कुणाचं काही अडत नाही.) चार जीबी रॅम असली तरी भागतं. पेन ड्राइव्हवरून सुरू करून, संगणकातलं काहीही न पुसता, आधी चालवून बघता येतं : वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का. पटलं तर बसवायचं. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस सोबतच येतात. सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड निवडला की इनस्क्रिप्टने टायपिंग सुरू.

सगळ्यांनी बदलावं असं मात्र नाही. टॅली विंडोजवरची, तेव्हा अडत्याने दुकानातल्या संगणकाला हात लावू नये. पण मुलांचा अभ्यास, विजेचं बिल, सातबारा, पेन्शनचे अर्ज हे सारं आता ब्राउझरमध्येच होतं.

अडचण सवयीची आहे. एमएस-सीआयटीच्या वर्गापासून आपल्याकडे संगणक म्हणजे विंडोज. २०१६मध्ये मेळघाटातलं हरिसाल मायक्रोसॉफ्टच्याच मदतीने देशातलं पहिलं 'डिजिटल गाव' म्हणून गाजलं आणि २०१९च्या प्रचारसभांत राज ठाकरे यांनी तिथले व्हिडीओ दाखवून त्या दाव्याची पिसं काढली. त्या राजकारणात कोण खरं, ते सोडून देऊ. गावाचं संगणकशिक्षण एका कंपनीच्या उत्साहावर सोडलं, ही चूक मात्र दोन्ही बाजूंच्या नजरेतून सुटली. केरळने सरकारी शाळांसाठी स्वतःचं लिनक्स तयार करून घेतलं, शिक्षकांना त्यावर तयार केलं आणि वर्षानुवर्षं ते चालवलं. महाराष्ट्राला हे जमू नये, असं त्यात काहीच नाही.

शिकायला साहित्यही आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे मराठीत, मोफत मिळतात. उणीव आहे ती शेजारी बसून दाखवणाऱ्याची. अमरावती, बडनेरा, अकोला, शेगाव इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या पोरांनी महिन्यातला एक रविवार प्रयोगशाळा उघडी ठेवावी आणि गावाला म्हणावं, जुने लॅपटॉप घेऊन या. येताना फोटो आणि कागदपत्रांची दुसरी प्रत काढून आणा, हेही आधीच सांगावं.